अंगणातील झाड आणि घराचा विमा

म्हैसूर शहराच्या पश्चिमेस, मानसगंगोत्रीचा विद्यापीठ-परिसर मागे टाकून गद्दिगेकडे जाणारा रस्ता धरला की बोगादी लागते. एके काळी हे शहराबाहेरचे खेडे होते. शहर वाढत गेले, शेतांचे भूखंड झाले, भूखंडांवर घरे उभी राहिली आणि घराघरांपुढे झाडे आली. काही झाडे तर घरांच्याही आधीची आहेत. जुन्या मळ्यातील नारळाची रांग मोडून घरे झाली, तरी रांगेतला एखादा नारळ कुणाच्या कुंपणाशी, कुणाच्या न्हाणीघरामागे तसाच उभा राहिला. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी आभाळ भरून येते, वळवाचा पाऊस वाऱ्यासह कोसळतो आणि अर्ध्या तासात रस्ता फांद्यांनी भरून जातो. म्हैसूरला हे नवे नाही. तसे ते पुण्याला, कोल्हापूरला, बेळगावला किंवा नागपूरलाही नवे नाही. बोगादीचे नाव येथे घेतले ते एवढ्याचसाठी की, वाढत्या शहराच्या कडेला माणूस, झाड आणि घर ही तिन्ही एकमेकांच्या किती जवळ येऊन ठेपली आहेत, हे तेथे चटकन दिसते.

अशा वस्तीतील एक घर डोळ्यांपुढे आणावे. फाटकाशी गुलमोहर आहे. घरभरणीच्या वर्षी लावलेले रोप आता पंचवीस वर्षांचे झाले आहे. दोन वर्षांपूर्वी कुंपणाची भिंत नव्याने बांधली, तेव्हा पाया खणताना त्याची एका बाजूची मुळे तोडावी लागली. तेव्हापासून झाड शेजारच्या घराकडे थोडे कलले आहे. शेजारीण एके दिवशी फाटकाशी येऊन म्हणते, “काका, तुमचा गुलमोहर आमच्या अंगावर आलाय हो. पावसाआधी काही करता आलं तर बघा.” काका तिला बसायला खुर्ची देतात आणि सांगतात, “ताई, पंचवीस वर्षांचं झाड आहे, हात लावायला मन होत नाही. शिवाय तोडायचं तर परवानगी लागते. आणि घराचा विमा आहेच. काही झालंच, तर कंपनी बघेल.”

काकांच्या या उत्तरात तीन गोष्टी आल्या: मन, कायदा आणि विमा. तिन्हींचा आधार घेऊन एकच गोष्ट साधली गेली, ती म्हणजे आज काहीही न करणे. या तिन्ही आधारांची बळकटी किती, हे तपासून पाहणे हाच प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

प्रथम विम्याचा विचार करू. झाड आणि विमा यांचे भांडण फार जुने आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात १७५२ साली बेंजामिन फ्रँकलिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी घरांना आगीपासून संरक्षण देणारी एक परस्पर विमा संस्था काढली. पुढे १७८१ मध्ये या संस्थेने असा ठराव केला की, ज्या घरासमोर झाडे आहेत त्या घराचा विमा घ्यावयाचा नाही. घराला आग लागली असता झाडांमुळे ती विझविण्यास अडथळा होतो, हे त्यामागील कारण. शहरातील पुष्कळ गृहस्थांना सावली सोडावयाची नव्हती आणि विमाही हवा होता. त्यांनी १७८४ मध्ये वेगळी संस्था काढली. झाडे असलेल्या घरांचा विमा ती जादा आकार घेऊन उतरवू लागली आणि विमा उतरविलेल्या घराच्या दर्शनी भिंतीवर तिची खूण म्हणून हिरव्या झाडाची पाटी बसवू लागली. या छोट्या इतिहासात सगळा प्रश्न सामावलेला आहे. झाडाला मोल आहे आणि झाडाला धोकाही आहे. दोन्ही मान्य करून धोक्याची किंमत कोणी द्यावयाची, एवढेच ठरवावयाचे असते.

भारतात घराचा विमा हा दीर्घकाळ आगीच्या विम्याचाच एक भाग होता. १ जानेवारी १९७३ रोजी सर्वसाधारण विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण अमलात आले आणि चार सरकारी कंपन्यांकडे हा व्यवसाय गेला. सन २००० पासून खाजगी कंपन्याही त्यात आल्या. तथापि सामान्य माणसाच्या हाती पडणारी विमापत्रे निरनिराळ्या शब्दांत असत आणि त्यांचा अर्थ लावणे कठीण जाई. ही अडचण ओळखून विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ या नावाचे एकसारखे विमापत्र सर्व संबंधित कंपन्यांना बंधनकारक केले. आग, वीज पडणे, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणे, दंगल अशा अनेक संकटांबरोबर त्यात आणखी एक संकट नोंदलेले आहे: बाहेरच्या एखाद्या वस्तूचा घराला बसलेला आघात. या आघाताची उदाहरणे देताना विमापत्रात वाहन आणि विमान यांच्या जोडीने पडणाऱ्या झाडांचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे वादळ नसतानाही, निवांत दुपारी पोखरलेले झाड घरावर कोसळले, तरी घराच्या नुकसानीची भरपाई मागता येते. केवळ मुख्य इमारतच नव्हे, तर कुंपणाची भिंत, फाटक, मोटारीची पडवी यांनाही हे संरक्षण लाभते.

इथपर्यंत काकांचे म्हणणे खरे आहे. परंतु विमापत्र शेवटपर्यंत वाचले, म्हणजे त्या आधाराच्या मर्यादा दिसू लागतात. पहिली मर्यादा ही की, विमा पडलेल्या झाडाने केलेल्या नुकसानीचा असतो. उभ्या झाडाचा नसतो. झाड धोकादायक झाले म्हणून ते काढून टाकण्यास जो खर्च येतो, तो विमा कंपनी देत नाही. ही केवळ आपल्याकडची रीत नव्हे; अमेरिकेतील प्रचलित गृहविम्यातही उभे धोकादायक झाड काढणे हा मालकाच्या देखभालीचा भाग मानला जातो. विमा अकस्मात घडणाऱ्या गोष्टींसाठी आहे. जे डोळ्यांसमोर दिवसेंदिवस वाढत आहे, ते अकस्मात नव्हे.

दुसरी मर्यादा रकमेची. झाड घरावर पडल्यानंतर ते कापून, उचलून नेण्याचा खर्च ढिगारा हलविण्याच्या खर्चात येतो आणि तो मंजूर भरपाईच्या दोन टक्क्यांपर्यंतच मिळतो. समजा, छपराचे आणि भिंतीचे नुकसान तीन लाख रुपये ठरले, तर ढिगारा हलविण्यासाठी अधिकांत अधिक सहा हजार रुपये मिळतील. मोठे झाड छपरावरून दोराने, तुकड्यातुकड्यांनी उतरवावयाचे, तर एवढ्या रकमेत ते होईलच असे नाही. घराच्या विम्याची रक्कम ठरवितानाही अनेकांची अशीच फसगत होते. ही रक्कम घराच्या बाजारभावावर ठरत नाही; जमिनीची किंमत तिच्यात धरली जात नाही. चटईक्षेत्र आणि बांधकामाचा दर यांचा गुणाकार, हा तिचा पाया असतो. हजार चौरस फुटांचे घर आणि चौरस फुटाला दोन हजार रुपये बांधकामाचा दर धरला, तर विम्याची रक्कम वीस लाख होते. घरातील सामान्य सामानासाठी तिच्या वीस टक्के, म्हणजे चार लाखांपर्यंतचे संरक्षण आपोआप मिळते आणि या सामानाची कमाल मर्यादा दहा लाख रुपये आहे.

तिसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. विमा हा विश्वासाचा करार आहे. विमेदाराने खरी माहिती द्यावी आणि आपल्या मालमत्तेची वाजवी काळजी घ्यावी, ही त्या करारातील अट असते. हेतुपुरस्सर केलेल्या वा टाळलेल्या कृतीतून झालेले नुकसान तर विम्याच्या बाहेरच राहते. झाड कलले आहे हे शेजाऱ्यांनी सांगितले, बुंध्याला अळंबी आलेली दिसली, तरीही विमा आहे म्हणून मालक स्वस्थ बसला, तर भरपाईच्या वेळी त्याच्या काळजीविषयी प्रश्न निघणारच. प्रत्येक दाव्यात तो निघेल असे नाही. परंतु ज्या संरक्षणाच्या भरवशावर आपण निष्काळजी राहतो, तेच संरक्षण निष्काळजीपणामुळे दुबळे होते, ही गोष्ट विसरता येत नाही.

चौथी मर्यादा शेजारणीच्या दृष्टीने सर्वांत मोठी आहे. काकांच्या घराचा विमा काकांच्या घरासाठी आहे. गुलमोहर शेजारच्या घरावर कोसळला, तर त्या घराची भरपाई त्या घरमालकाच्या स्वतःच्या विम्यातून व्हावी लागेल. तसा विमा नसेल, तर दाद झाडाच्या मालकाकडे मागावी लागेल. शेजारच्या विमा कंपनीने भरपाई दिली, तरी प्रकरण तेथेच मिटेल असे नाही. पैसे दिल्यानंतर ती कंपनी विमेदाराच्या जागी उभी राहते आणि ज्याच्या हलगर्जीपणाने नुकसान झाले त्याच्याकडून वसुली मागू शकते. दुसऱ्याला झालेल्या इजेची जबाबदारी अंगावर आली, तर ती पेलण्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. काही कंपन्यांच्या घरगुती एकत्रित विम्यात तो भाग असतो, परंतु तो मागून घ्यावा लागतो. ‘कंपनी बघेल’ या शब्दांत शेजारणीच्या छपराचा, तिच्या अंगणात खेळणाऱ्या मुलांचा समावेश होत नव्हता, हे काकांच्या लक्षात आले नव्हते.

आता कायद्याकडे वळावे. सर्वसाधारण समजूत अशी की, कायदा झाडाच्या बाजूचा आहे आणि म्हणून माणसाचे हात बांधलेले आहेत. ही समजूत अर्धीच खरी आहे. कर्नाटकात वृक्ष संरक्षण अधिनियम १९७६ सालापासून आहे. झाड तोडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी लागते, हे खरे. परंतु त्याच कायद्यात असेही आहे की, झाड मेलेले, रोगट वा वाऱ्याने उन्मळलेले असेल, ते जीविताला किंवा मालमत्तेला धोका उत्पन्न करीत असेल किंवा रहदारीस अडथळा होत असेल, आणि अधिकाऱ्याची तशी खात्री पटली, तर परवानगी नाकारावयाची नाही. त्या बदल्यात नवे झाड लावण्याचे बंधन येते. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रांसाठी १९७५ चा अधिनियम आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचे स्थान देण्यात आले आहे. दिल्लीच्या १९९४ च्या कायद्यात तर, झाड तत्काळ न तोडल्यास जीविताला वा मालमत्तेला गंभीर धोका असेल, तर मालकाने ते आधी तोडावे आणि चोवीस तासांच्या आत अधिकाऱ्याला कळवावे, अशीही तरतूद आहे.

दुसऱ्या बाजूने कायदा झाडाच्या मालकाला काही कर्तव्येही सांगतो. पडण्याच्या बेतात असलेल्या झाडामुळे शेजाऱ्यांना किंवा येणाऱ्या-जाणाऱ्यांना इजा होण्याचा संभव असेल, तर ते काढावे किंवा त्याला टेकू द्यावा, असा आदेश कार्यकारी दंडाधिकारी मालकाला देऊ शकतो. हा अधिकार १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे. आदेश मिळालेल्या मालकाला आपली बाजू मांडण्याची संधी असते. परंतु संकट अगदी दारात आले असेल, तर चौकशी चालू असतानाही तातडीचे उपाय करविता येतात. शेजारच्या कुंपणावरून आपल्या आवारात आलेल्या फांद्यांविषयीही न्यायालयांची भूमिका जुनी आणि स्थिर आहे. झाड कितीही वर्षे तसे वाढत राहिले, तरी दुसऱ्याच्या जागेवर फांद्या पसरविण्याचा हक्क वहिवाटीने मिळत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच दिलेला आहे.

या कर्तव्याचे गांभीर्य किती, हे एका खटल्यावरून कळते. १९६४ साली दिल्लीत स्कूटरवरून जाणाऱ्या एका तरुणाच्या डोक्यावर रस्त्याकडेच्या झाडाची फांदी तुटून पडली आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. फांदी वाळलेली होती. त्याच्या कुटुंबाने महानगरपालिकेविरुद्ध दावा केला. तो खालच्या न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९९ साली निकाल लागला: ज्याच्या ताब्यात झाड आहे, त्याने त्याची वेळोवेळी पाहणी केली पाहिजे, वठलेल्या फांदीचा धोका ओळखता येण्यासारखा असताना तो ओळखला नाही, तर जबाबदारी टळत नाही. अपघात आणि अंतिम निर्णय यांच्यामध्ये पस्तीस वर्षे गेली. न्याय मिळाला, परंतु ज्या घरातला कर्ता गेला, त्या घराने ती वर्षे कशी काढली असतील, याची कल्पना करावी. झाडाची वाळलेली फांदी उतरविण्यास एका सकाळहून अधिक वेळ लागला नसता.

असे असताना परवानगीला विलंब का होतो? याचे उत्तर एकतर्फी देणे अन्यायाचे होईल. वृक्ष अधिकाऱ्याच्या मेजावर येणाऱ्या अर्जांपैकी प्रत्येक अर्ज धोक्याचा नसतो. कुणाला मोटार उभी करावयास जागा हवी असते, कुणाला दुकानाची पाटी दिसावयास हवी असते, कुणाला पाला झाडण्याचा कंटाळा आलेला असतो. आणि या सर्वांच्या अर्जांत ‘जीवितास धोका’ हे एकच कारण लिहिलेले असते. शिवाय नागरिकही जागरूक झाले आहेत. एप्रिल २०२५ मध्ये म्हैसूरच्या हैदर अली रस्त्यावरील चाळीस झाडे रस्तारुंदीसाठी एका रात्रीत तोडली गेली, तेव्हा शहरात तीव्र निषेध झाला. तो निषेध योग्यच होता. मात्र अशा वातावरणात अधिकाऱ्याचा कल ‘नाही’ म्हणण्याकडे झुकतो आणि खोट्या अर्जांच्या गर्दीत खरा अर्ज हरवतो. २०१७ च्या जुलै महिन्यात मुंबईतील चेंबूर येथे रस्त्याने जाणाऱ्या एका महिलेवर नारळाचे झाड कोसळले आणि तिचा अंत झाला. ते झाड काढण्यासाठी त्यापूर्वीच अर्ज झालेला होता, ही गोष्ट पुढे उजेडात आली आणि सर्वांनाच अंतर्मुख करून गेली. झाड वाचवावयाचे की माणूस, असा हा प्रश्न नव्हता. कोणते झाड खरोखर धोक्याचे आहे, हे ओळखण्याचा प्रश्न होता.

ते ओळखावयाचे कसे? झाड उंच आहे, एवढ्याने ते धोक्याचे ठरत नाही; कललेले असले, तरीही नाही. लहानपणापासून कलून वाढलेले झाड त्या कलाला अनुसरून आपले लाकूड आणि मुळे बळकट करीत जाते. भीती नव्याने कललेल्या झाडाची. त्याच्या विरुद्ध बाजूची जमीन फुगलेली किंवा भेगाळलेली दिसली, तर मुळांची पकड सुटत चालली आहे, असे समजावे. बुंध्याशी किंवा मुळांवर कठीण, कंगोऱ्यांची अळंबी उगवली, तर आतले लाकूड कुजत आहे. दोन फांद्यांच्या बेचक्यात उभी चीर, सालीतून झिरपणारा रस, शेंड्याकडून वाळत येणाऱ्या डहाळ्या, वाळवीने पोखरलेली ढोली, ही आणखी लक्षणे. नारळाच्या बाबतीत सोंड्या भुंगा हा छुपा शत्रू आहे. त्याच्या अळ्या खोड आतून पोखरतात आणि बाहेरून झाड पुष्कळ दिवस निरोगी दिसते. जर्मनीतील कार्ल्सरूह येथील शास्त्रज्ञ क्लाउस माटहेक यांनी डोळ्यांनी झाड तपासण्याची एक पद्धत बसवून दिली. तिच्यातील एक ढोबळ नियम असा की, पोकळ बुंध्याच्या भोवतीच्या निरोगी लाकडाची जाडी बुंध्याच्या त्रिज्येच्या सुमारे तीन-दशांशाहून कमी झाली, तर मोडण्याचा धोका वाढतो. म्हणजे नुसती ढोली दिसली की कुऱ्हाड उचलावी, असे नव्हे. झाड पोकळ असूनही भक्कम असू शकते.

माणसाने झाडाला केलेला अपाय हे तर झाड पडण्याचे फार मोठे कारण आहे. बहुतेक झाडांची आधार देणारी मुळे खोल नसतात. ती जमिनीच्या वरच्या थरात, पानोऱ्याच्याही पलीकडे पसरलेली असतात. गटारासाठी, तारांसाठी, भिंतीच्या पायासाठी चर खणताना ती तुटतात. बुंध्याला लागून सिमेंट ओतले की मुळांचे पाणी आणि हवा तुटते. शेंडा एका घावात उडविला की झाड ठेंगणे होते खरे, परंतु त्या जागी फुटणारे धुमारे वरवर जोडलेले असतात आणि काही वर्षांनी तेच जड होऊन मोडतात. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की झाडावरील दाब चौपट होतो. मुळे अर्धी झालेले झाड एरवीच्या वाऱ्यात वर्षभर उभे राहील आणि एका वळवाच्या सरीत जाईल, याचे गणित येथे आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ मुंबईजवळून गेले, तेव्हा एका शहरात दोन हजारांहून अधिक झाडे पडली.

म्हणून मधला मार्ग पुष्कळदा झाड तोडण्याचा नसतो. वाळलेल्या फांद्या उतरविणे, एका बाजूचे ओझे जाणत्या माणसाकडून हलके करून घेणे, टेकू देणे, बुंध्याभोवतीची जमीन मोकळी करणे, एवढ्याने अनेक झाडे वाचतात. फांद्या छाटण्यासाठीही स्थानिक संस्थेचे नियम पाहावे लागतात. काळ्या मातीच्या प्रदेशात आणखी एक दक्षता हवी. ती माती पाण्याने फुगते आणि सुकली की आकसते. मोठे झाड एकाएकी काढले, तर मुळांनी शोषले जाणारे पाणी जमिनीत राहते, माती फुगते आणि घराच्या पायाला भेगा जाण्याचा संभव असतो. तेव्हा काढणे अटळच असेल, तर तेही विचारपूर्वक झाले पाहिजे. आणि ते काम दोर, पट्टे आणि शिरस्त्राण यांसह येणाऱ्या अनुभवी माणसांकडूनच करून घ्यावे. स्वस्तात मिळाला म्हणून एखाद्या मजुराला नुसत्या कोयत्यानिशी विजेच्या तारांजवळ चढविणे, म्हणजे शेजाऱ्यावरचे संकट गरिबाच्या जिवावर ढकलणे होय.

अर्ज करावयाचा तर तो नीट करावा. झाडाची जात, बुंध्याचा घेर, घरापासूनचे अंतर, धोक्याचे नेमके लक्षण आणि ते प्रथम केव्हा दिसले ती तारीख, चारी बाजूंची छायाचित्रे, शेजाऱ्यांचे म्हणणे आणि शक्य असल्यास वनस्पतींच्या जाणकाराचा अभिप्राय, हे सारे एकत्र दिले म्हणजे खरा अर्ज गर्दीतून उठून दिसतो. पोहोच जपून ठेवावी. उत्तर आले नाही, तर पुन्हा लिहावे. हीच कागदपत्रे पुढे विमा कंपनीपुढे मालकाच्या काळजीचा पुरावा ठरतात. शेजाऱ्यानेही तोंडी कुरकुर करण्याऐवजी सौजन्याने, परंतु लेखी कळवावे. असे पत्र म्हणजे वैर नव्हे. उभयतांच्या हिताची ती नोंद आहे.

एवढे करूनही झाड पडलेच, तर प्रथम माणसे दूर करावीत. तारा तुटल्या असतील, तर वीज कंपनीला कळवून प्रवाह बंद होईपर्यंत कोणी फांदीला हात लावू नये. विमा कंपनीला तत्काळ वर्दी द्यावी. फांद्या तोडण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत; अधिक नुकसान टाळण्यापुरतेच काम करावे आणि बाकीचे सर्वेक्षकाला पाहू द्यावे. दावा तीस दिवसांच्या आत सादर करावा. घर कर्जाने घेतलेले असेल, तर बँकेने कर्जाबरोबर विमा उतरविला होता काय, हे अवश्य पाहावे. पुष्कळांना आपल्या घराचा विमा आहे, हेच ठाऊक नसते. कंपनीचा निर्णय पटला नाही, तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करावी आणि तेथे समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जावे. पन्नास लाख रुपयांपर्यंतच्या भरपाईची तक्रार तेथे विनामूल्य ऐकली जाते. कर्नाटकासाठी बंगळुरूला, महाराष्ट्रासाठी मुंबईला व पुण्याला त्याची कार्यालये आहेत.

राहता राहिले मन. पंचवीस वर्षे वाढविलेल्या झाडावर कुऱ्हाड चालवावयास मन कचरते, यात गैर काहीच नाही. तसे ते कचरलेच पाहिजे. मराठी माणसाला या भावनेचा वारसा आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्र’ लिहिले. त्यात आरमारासाठी लाकूड तोडताना आंबा-फणसासारख्या झाडांना हात लावू नये, असा निर्बंध आहे. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकराप्रमाणे वाढविलेली असतात, असे कारण तेथे दिले आहे. परंतु त्याच ठिकाणी पुढे असेही सांगितले आहे की, एखादे झाड फार जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर त्याच्या धन्याला राजी करून, त्याला मोल देऊन मग ते तोडावे. झाडाविषयी ममता आणि जीर्ण झाडाविषयी व्यवहार या दोन्ही गोष्टी एकाच लेखणीतून उतरल्या, त्यांत त्या राज्यकर्त्याला विसंगती वाटली नाही. शिवाय दोन्हींत झाडाच्या धन्याचा संतोष सांभाळलेला आहे. आजच्या कायद्यांनी आणि कार्यालयांनीही हेच साधावयाचे आहे.

बोगादीच्या त्या घरापाशी परत यावे. काकांनी शेजारणीला दिलेली तिन्ही उत्तरे खोटी नव्हती. ती अपुरी होती. विमा नुकसान भरून देतो, परंतु धोका दूर करीत नाही. कायदा परवानगी मागतो. पण खऱ्या धोक्याला वाट ठेवतो. मन झाडावर जडते, परंतु त्याच मनाला कुंपणापलीकडच्या मुलांचीही काळजी असते. तेव्हा पाऊस येण्यापूर्वी एखाद्या सकाळी काकांनी शेजारणीला बोलवावे, दोघांनी मिळून झाडाभोवती एक फेरी मारावी, बुंध्याशी वाकून पाहावे आणि अर्ज लिहावयास बसावे. अर्जावर दोघांच्याही सह्या असाव्यात. तपासणीअंती काही फांद्या उतरवून झाड राहिले, तर उत्तमच. ते काढावेच लागले, तर भिंतीपासून आणि तारांपासून पुरेसे दूर, जेथे त्याची मुळे मोकळी पसरतील अशा जागी एक नवे रोप लावावे. त्याची सावली पडावयास पुन्हा काही वर्षे लागतील. ती सावली कुंपणाच्या अलीकडे पडते की पलीकडे, याचा हिशेब तेव्हा कोणी करणार नाही.